मालतीमाधवातील श्मशानांक

मालतीमाधव हे भवभूतीचे दहा अंकी संस्कृत प्रकरण, म्हणजे कविकल्पित कथानकावरील नाटक होय. त्याचा पाचवा अंक श्मशानात घडतो. मांस व रक्त यांवर जगणारी पिशाच्चे, नरबळी देऊ पाहणारा कापालिक आणि आकाशमार्गाने संचार करणारी त्याची शिष्या अशी सामग्री त्यात एकत्र आली आहे. संस्कृत नाटकात भयानक व बीभत्स या रसांना इतका विस्तार क्वचितच मिळाला आहे.

नाटकाचा नायक माधव हा कुंडिनपूरचा, विदर्भराजाचा अमात्य देवरात याचा मुलगा. कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील, वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर असे मानले जाते. भवभूती (सातव्या शतकाची अखेर ते आठव्या शतकाचा आरंभ) स्वतःही विदर्भातील पद्मपूरचा. वा. वि. मिराशी यांच्या मते हे गाव गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ होते.

कथानक

देवरात आणि पद्मावतीचा अमात्य भूरिवसू हे सहाध्यायी. आपल्या मुलांचा विवाह करण्याचे त्यांनी विद्यार्थिदशेतच ठरवलेले असते. माधव आन्वीक्षिकी शिकण्याच्या निमित्ताने पद्मावतीस येतो; तो व भूरिवसूची कन्या मालती परस्परांवर अनुरक्त होतात. राजाला मात्र मालती आपल्या मर्जीतील नंदनास द्यावयाची असते. ही वार्ता कळताच निराश झालेला माधव पिशाच्चांना महामांस, म्हणजे मनुष्याचे मांस, विकून अलौकिक साहाय्य मिळवण्याच्या हेतूने श्मशानात जातो. तेथील कराला देवीच्या मंदिरातून त्यास आक्रोश ऐकू येतो. गच्चीवर झोपलेल्या मालतीस अघोरघंट नावाच्या कापालिकाने बळी देण्यासाठी तेथे आणलेले असते. माधव तिला सोडवतो व अघोरघंटास ठार मारतो. वध रंगमंचावर दाखवू नये या संकेतानुसार ही घटना पुढील अंकातील बोलण्यातून कळते.

गुण

या अंकाचे सामर्थ्य वर्णनात आहे. पिशाच्चे प्रत्यक्ष रंगमंचावर येत नाहीत. माधवाच्या तोंडून ती प्रेक्षकाला ‘दिसतात’. कठोर वर्णांचे दीर्घ समास येथे अर्थाइतकेच नादानेही भय उत्पन्न करतात. प्रेताच्या हाडांवरचे मांस ओरबाडून खाणाऱ्या भुकेल्या पिशाच्चाचा श्लोक मम्मटाने काव्यप्रकाशात बीभत्स रसाचे उदाहरण म्हणून घेतला आहे.

त्याहून सूक्ष्म भाग पिशाच्चांच्या स्त्रियांचा. आतड्यांची मंगलसूत्रे मनगटी बांधून, हृदयांच्या माळा घालून आणि रक्ताचे कुंकुम लावून त्या आपल्या प्रियकरांसह कवटीच्या पेल्यातून मज्जारूपी मद्य पितात. हे शृंगाराचेच विद्रूप रूप होय. थोड्याच वेळात मालती प्रवेश करते ती अळिता, तांबडी वस्त्रे व तांबड्या माळा यांनी सजलेली; पण ही सजावट वधूची नसून वध्याची आहे. अनिच्छेचा विवाह आणि बळी यांतील साम्य भवभूतीने एकही शब्द खर्च न करता रंगातून दाखवले आहे. रक्तपिपासूंच्या आजच्या जपानी अ‍ॅनिमे मालिकांतही (उदा. २००८ सालची ‘व्हॅम्पायर नाइट’) प्रेमकथा व भयकथा यांचा सांधा हाच कसोटीचा भाग असतो. भवभूतीचा सांधा येथे पक्का आहे.

मंत्रसिद्धीकडे पाहण्याची दृष्टीही एकांगी नाही. अघोरघंटाची शिष्या कपालकुंडला श्रीपर्वतावरून येते. गुरूच्या वधाचा सूड म्हणून ती पुढे मालतीस पळवते. मालतीस वाचवणारी सौदामिनी हीसुद्धा श्रीपर्वतावर कापालिकव्रत आचरणारी योगिनीच आहे.

उणिवा

सर्वांत ठळक उणीव रचनेची आहे. महामांसविक्रीतून काहीच निष्पन्न होत नाही. पिशाच्चे निघून जातात, सौदा होत नाही आणि मालतीची सुटका केवळ योगायोगाने होते. अकराव्या शतकातील कथासरित्सागरात अशोकदत्त असेच महामांस विकावयास श्मशानात जातो, तेव्हा त्या विक्रीतून त्यास हवे असलेले नूपुर मिळते व कथा पुढे सरकते. वेताळाच्या पंचवीस कथांतही श्मशान हे कथेचे यंत्रच आहे. मालतीमाधवात ते भव्य पार्श्वभूमी होऊन राहते.

योगायोगांचा अतिरेक अन्यत्रही जाणवतो. तिसऱ्या अंकात सुटलेल्या वाघापासून माधवाचा मित्र मकरंद नंदनाच्या बहिणीस वाचवतो, पाचव्यात माधव मालतीस. मालती पुन्हा पळवली गेल्यावर नवव्या अंकात माधवाचा दीर्घ विलाप येतो; मेघाला निरोप सांगण्याची कल्पना तेथे मेघदूताची आठवण करून देते, पण कथा थांबते. विदूषक नसल्याने विसावाही कमी. मकरंदाने मालतीच्या वेषात नंदनाची वधू होण्याचा प्रसंग तेवढा अपवाद. श्मशानात शोभणारी समासप्रचुर शैली प्राकृत संवादांतही येते, तेथे ती जड होते. बहुतेक डावपेच वृद्ध बौद्ध परिव्राजिका कामंदकी आखते. त्यामुळे नायकाच्या वाट्यास साहसाखेरीज फारसे कर्तृत्व उरत नाही.

वऱ्हाडातील संदर्भ

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असून तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरातून कृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, अशी स्थानिक परंपरा आहे. नको असलेला वर, देवीच्या दर्शनाचे निमित्त व मंदिरातून पलायन हा क्रम मालतीमाधवाच्या सहाव्या अंकातही आढळतो. मात्र दुसऱ्या अंकात स्वेच्छेने वर निवडणाऱ्या स्त्रियांचे दाखले देताना कामंदकी शकुंतला, उर्वशी व वासवदत्ता यांची नावे घेते. कुंडिनपूरच्या तरुणाची बाजू मांडत असूनही त्या यादीत रुक्मिणी नाही.

आवृत्त्या

रा. गो. भांडारकर यांनी जगद्धराच्या टीकेसह संपादित केलेली आवृत्ती १८७६ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. नाटकाचे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री राजवाडे यांनी केले आहे.