पराभवाचं नाव वागवणारं गाव

सगळंच धुळीला मिळालं, की आपण ‘पानिपत झालं’ म्हणतो. इटालियन माणूस अशा वेळी ‘कापोरेत्तो’ म्हणतो. निवडणुकीत पक्ष आडवा झाला तरी कापोरेत्तो, फुटबॉलमध्ये नामुष्की झाली तरी कापोरेत्तो.

कापोरेत्तो नावाचं हे गाव आज इटलीत नाही. सीमेपलीकडे, स्लोव्हेनियात, सोचा नदीकाठचं हजारभर वस्तीचं कोबारिद ते हेच. पहिल्या महायुद्धाआधी ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. १९१५मध्ये इटलीनं ते घेतलं. त्यानंतर याच नदीच्या खोऱ्यात अकरा लढाया झाल्या, माणसं मरत राहिली, आघाडी मात्र फारशी हलली नाही.

बारावी लढाई २४ ऑक्टोबर १९१७ला, रात्री दोनला सुरू झाली. बोवेत्सजवळ विषारी वायूनं शेकडो इटालियन सैनिक जागीच मेले. पाऊस आणि दाट धुकं. इटालियन फौजेची भिस्त डोंगरमाथ्यांवर होती, आणि ऑस्ट्रियाच्या मदतीला आलेल्या जर्मन तुकड्या खालून, दरीतल्या रस्त्यानं सरळ चालत त्याच दिवशी दुपारी गावात शिरल्या. पुढं सगळी आघाडीच कोसळली. फौज पार पियावे नदीपर्यंत मागं हटली, अडीच लाखांहून अधिक सैनिक कैद झाले, लाखो नागरिक घरं सोडून रस्त्यावर आले.

सरसेनापती लुईजी कादोर्ना यांनी दोष आपल्याच सैनिकांवर ढकलला. इटलीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या सैन्यातल्या तुकड्या न लढताच भ्याडपणे हटल्या, असं त्यांच्या युद्धपत्रकात होतं. सरकारनं मजकूर सौम्य केला, पण मूळ मजकूर तोवर परदेशी पोचला होता. मला ही गोष्ट पराभवाहून जास्त लागते. राखीव फौजेची मांडणी चुकलेली, सेनापतींमध्ये एकवाक्यता नाही, आणि भित्रा कोण ठरला? दोन वर्षं चिखलात उभा असलेला शेतकऱ्याचा पोरगा! पुढं चौकशी आयोगानं कादोर्नांनाही जबाबदार धरलं. पण शब्दाला चिकटलेली लाज काही सुटली नाही.

खुद्द गावकऱ्यांचा तर तो पराभव नव्हताच. ते स्लोव्हेन, त्यांची मुलं ऑस्ट्रियाच्या बाजूनं लढत होती. स्लोव्हेन भाषेत याच लढाईला ‘कोबारिदचा चमत्कार’ म्हणतात. युद्धानंतर गाव पुन्हा इटलीकडे गेलं, फॅसिस्ट राजवटीत शाळांतून त्यांची भाषा हद्दपार झाली.

गावावरच्या टेकडीवर, संत अँथनीच्या चर्चभोवती, सात हजारांहून अधिक इटालियन सैनिकांच्या अस्थी ठेवल्या आहेत. १९३८मध्ये उद्घाटनाला मुसोलिनी आला होता. आसपासच्या लष्करी दफनभूमींतून आणलेल्या या अस्थींपैकी कित्येकांना नावही नाही.