मोजमाप आरोग्यसेवेचं (भाग ७) : हाड मोडल्यानंतरचे सहा महिने

मागच्या भागात रक्तदाबापर्यंत आलो होतो. नागपूरच्या दोन बाजूंना, वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांत, या बाबतीत मोजमापाचं चांगलं काम झालं आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा सातारा आणि सिंधुदुर्गाबरोबर हे दोन जिल्हे त्यात होते.

किती जणांचा बीपी तपासला, हा तिथला मुख्य प्रश्न नव्हता. एका तिमाहीत नोंदलेले सगळे रुग्ण एक गट म्हणून धरायचे आणि साधारण सहा महिन्यांनी बघायचं, त्यातल्या किती जणांचा दाब 140/90 च्या खाली आला. गोळ्या न्यायला जो फिरकलाच नाही, त्याचं नाव छेदातून काढायचं नाही. कापूस वेचायला गेलेली बाई महिनाभर आली नाही, तर तेही आकड्यात दिसतं आणि तिला फोन जातो. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

आता हाडांकडे वळू. तीस वर्षांवरच्या लोकांची सरकारी तपासणी होते ती रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी. हाडांचा ठिसूळपणा त्यात नाही. मग उरतात 'मोफत बीएमडी तपासणी' (म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी) असा फलक लावलेली शिबिरं. बाई खुर्चीवर बसते, टाच यंत्रात ठेवते, दोन-तीन मिनिटांत हातात चिठ्ठी येते. दुसऱ्या दिवशी पेपरात लाभार्थ्यांचा आकडा येतो. पण निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये ठरवलेला निकष, म्हणजे टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून कमी, हा कंबरेच्या मणक्यांच्या आणि खुब्याच्या डेक्सा या क्ष-किरण तपासणीला लागू होतो. टाचेच्या अल्ट्रासाउंडला तो जसाच्या तसा लावता येत नाही. चिठ्ठी घेऊन घरी गेलेल्या बाईचं पुढे काय झालं, हे तर कुणीच लिहून ठेवत नाही.

माझ्या मते मोजायला सुरुवात शिबिरात नव्हे, प्लॅस्टरच्या खोलीत करावी. पन्नाशीपुढची बाई मोरीत घसरते, हात टेकते, मनगट मोडतं. एक्स-रे, प्लॅस्टर, दीड महिन्याने ते काढणं, कॅल्शियमच्या गोळ्या, झालं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, म्हणजे ते आधीच ठिसूळ असण्याची दाट शक्यता असते आणि पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं.

अमेरिकेत यासाठी वर्षानुवर्षं एक साधा निकष वापरला गेला: 67 ते 85 वयाच्या ज्या स्त्रियांचं हाड मोडलं, त्यांपैकी किती जणींची सहा महिन्यांत हाडांची घनता तपासली किंवा औषध सुरू झालं? बोटं, चेहरा आणि कवटीचे फ्रॅक्चर त्यात धरत नाहीत. आपल्याकडे हाच निकष घ्यावा, पण वयाची अट पन्नाशीवर आणावी, कारण भारतात खुबा पाश्चात्त्य देशांपेक्षा लवकरच्या वयात मोडतो. जिथे डेक्सा नाही तिथे 'फ्रॅक्स' हे धोक्याचं गणित वय, वजन, उंची आणि काही प्रश्नांवर मांडता येतं. त्याची भारतासाठीची आवृत्तीही आहे.

यंत्राआधी लागतं ते प्लॅस्टरच्या खोलीतल्या रजिस्टरमध्ये तीन रकाने: कशी पडली, तपासणी कधी झाली, औषध कधी सुरू झालं. आणि जी परत आलीच नाही तिचाही रकाना कोरा न ठेवता तिथे 'नाही' लिहायचं.