दगडातून वायू कसा निघतो?

उन्हाळ्यात पाण्याचा माठ बाहेरून ओला होतो. माठाला भोक पडलेले नसते, तरी पाणी बाहेर येते. असे का होते? भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. ती एकमेकांना जोडलेली असतात. त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्याने सुकते आणि सुकताना माठ गार करते. लोणच्याची चिनी मातीची बरणी मात्र पाझरत नाही. तिच्यावर काचेसारखा लेप असतो. त्याने छिद्रांची तोंडे बुजलेली असतात.

दगडाचेही असेच आहे. दगड आपल्याला भरीव वाटतो, पण बहुतेक दगडांत बारीक जागा असतात. त्या जागांत पाणी राहते, तेल राहते, वायूही राहतो. मात्र नुसती जागा असून भागत नाही. एका जागेतून दुसऱ्या जागेत जायला वाट पाहिजे.

आपला खानदेशचा काळा दगड घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस वर आला. तो थरावर थर पसरत गेला आणि थिजला. थिजताना त्यात बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली द्रव्ये साचली आणि चकचकीत खडे तयार झाले. जळगाव जिल्ह्यात सावद्याकडच्या खाणींत असे खडे सापडतात. म्हणजे या दगडात जागा होती. पण ती कशी? खोल्याच खोल्या, आणि दरवाजा एकीलाही नाही! अशा दगडातून पाणी वाहणार कसे? ते वाहते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमातून. म्हणून बांधाच्या अलीकडची विहीर भरते आणि पलीकडची कोरडी राहते. पैसे दोघांनी सारखेच घातलेले असतात.

काही गावांत हातपंपाचे पाणी कमी झाले म्हणजे एक मोटार येते. तिच्यावर मोठा पंप असतो. बोअरमध्ये रबरी बूच घट्ट बसवतात आणि त्याच्या खाली जोराच्या दाबाने पाणी सोडतात. त्या दाबाने भेगांत बसलेली माती निघते, भेगा थोड्या रुंदावतात, एकमेकींना मिळतात. याला जलभंजन म्हणतात. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे काम करते. सगळीकडे गुण येतोच असे नाही. खाली मुळात पाणी नसेल तर भेगा रुंदावून काय होणार? पण ही युक्ती ध्यानात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

आता वायूकडे वळू. संध्याकाळच्या वर्गात एका बाईंनी मला विचारले, “गुरुजी, चुलीचा गॅस येतो कुठून? खाणीतून की कारखान्यातून?” मी म्हटले, “बाई, तो जमिनीखालून येतो आणि कारखान्यातून जातो.”

गोबरगॅस तुम्ही पाहिला असेल. शेणाचा काला बंद खड्ड्यात ठेवला, त्याला हवा लागू दिली नाही, की तो कुजतो आणि वायू निघतो. जमिनीच्या पोटातही काहीसा असाच प्रकार घडला. फार जुन्या काळी समुद्राच्या आणि तळ्यांच्या तळाशी बारीक गाळ साचला. त्यात मेलेले बारीक जीव आणि शेवाळ मिसळले. वर आणखी थर पडत गेले. खालचा गाळ दबला, तापला आणि त्याचा दगड झाला. हा दगड पानापानांनी सुटतो. त्याला शेल म्हणतात. दाबाने आणि उष्णतेने त्या मेलेल्या जिवांचे तेल झाले, वायू झाला. याला कोट्यवधी वर्षे लागली.

काही तेल आणि वायू शेलमधून हळूहळू निसटले आणि जवळच्या मोकळ्या छिद्रांच्या दगडात जाऊन बसले. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली असाच चुनखडीचा दगड आहे. तेथे १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने भोक पाडले आणि तेल लागले. त्या क्षेत्राला आज मुंबई हाय म्हणतात. तेथला वायू समुद्राखालच्या नळाने उरणला येतो. तेथल्या कारखान्यात त्यातला टाकीत भरायचा भाग वेगळा काढतात. गंमत पाहा, त्या चुनखडीच्या डोक्यावर पुन्हा शेलचाच थर आहे. तो झाकणाचे काम करतो. ज्या दगडात वायू जन्मला, त्याच जातीच्या दगडाने त्याला वरून कोंडून ठेवले!

शेल एवढा घट्ट का? त्याची छिद्रे फारच बारीक असतात म्हणून. आपल्या डोक्याचा एक केस घ्या. त्याच्या जाडीचे दहा हजार भाग करा. त्यातल्या एका भागाएवढी शेलमधली कितीतरी छिद्रे असतात. वायू म्हणजे सुटे सुटे, सदा धावणारे कण. अशा छिद्रात ते कण शेजारी शेजारी उभे केले तर जेमतेम वीस मावतील.

इतक्या अरुंद वाटेने ते चालतात कसे? आपल्या देवपुरात एकवीरा देवीच्या यात्रेत काय होते ते आठवा. मोठ्या रस्त्यावर गर्दी दाटलेली असते. मागचा पुढच्याला लोटतो आणि आपण न चालताही पुढे जातो. रुंद छिद्रातला वायू असाच दाबाने लोटला जातो. पण एखाद्या अरुंद बोळात शिरा. तिथे माणसाला माणसाचा धक्का कमी आणि भिंतीचा जास्त. या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत माणूस पुढे सरकतो. शेलमध्ये दाब उतरला आणि कण विरळ झाले की त्यांचीही हीच गत होते. तरी एक बरे असते. पाणी भिंतीला धरून राहते, तसा वायू धरून राहत नाही. तो भिंतीवरून थोडा घसरतो. त्यामुळे अशा वाटेने पाण्यापेक्षा वायूचे जाणे सोपे.

शिवाय सगळा वायू छिद्रात मोकळा नसतो. बराचसा आतल्या काळ्या, कुजक्या द्रव्याला चिकटून बसलेला असतो. गुळाच्या ढेपेवर माश्या बसतात ना? खोलीत माश्यांची दाटी असेल तर ढेपही भरलेली असते. दार उघडून हवेतल्या माश्या बाहेर काढल्या, की ढेपेवरच्या एकेक उठू लागतात. तसेच इथे. विहिरीतून मोकळा वायू निघाला, दाब कमी झाला, की चिकटलेला वायू सुटतो आणि वाटेला लागतो. पण हे सारे फार सावकाश. वाळूच्या दगडातून वायू जितक्या सहज येतो, त्याच्या मानाने शेलमध्ये लाखो पट अडचण. नुसते भोक पाडले तर जवळचा थोडा वायू येतो आणि मग विहीर गप्प बसते.

अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. तेथे जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ साली बार्नेट नावाच्या शेलमध्ये पहिली विहीर खोदली. वायू होता, पण परवडेल इतका निघेना. सतरा वर्षे त्यांनी नाना उपाय केले. लोक नावे ठेवू लागले, तरी माणूस चिवट. अखेर १९९८ च्या सुमारास उपाय सापडला. तो म्हणजे वर सांगितलेल्या जलभंजनाचाच थोरला भाऊ. दोन-अडीच किलोमीटर खोल दगडात प्रचंड दाबाने पाणी सोडायचे. पाण्यात वाळू आणि थोडी औषधी द्रव्ये घालायची. पाण्याने दगड तडकतो. पाणी मागे फिरते, पण वाळू तडीत राहते. लाकूड फोडताना आपण पाचर मारतो, तशी ती तड उघडी ठेवते. मग वायूला बारीक वाटेने थोडेच अंतर जावे लागते. तड लागली की पुढे हमरस्ता. पुढे पुढे तर विहीर खाली नेऊन आडवी वळवू लागले, म्हणजे थराच्या पोटातून लांबवर जाता येते.

याला पाणी किती लागते? एका विहिरीला एक-दोन कोटी लिटर, कधी त्याहून अधिक. हजार वस्तीच्या गावाला दर माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला दोन कोटी लिटर होतात. म्हणजे एका विहिरीच्या पोटात एका गावाचे वर्षाचे पाणी! आणि पहिल्या वर्षातच अशा विहिरीचा वायू बहुधा निम्म्याच्या खाली येतो. मग दुसरी विहीर खोदा, पुन्हा पाणी आणा. मागे आलेले पाणी खारट आणि घाण असते. ते नीट ठेवले नाही तर शेजारच्या विहिरी बिघडतात. ज्याने टँकरच्या रांगेत हंडा लावला आहे, त्याने हा हिशेब आधी मांडावा असे मला वाटते.

आपल्या देशातही शेल आहे. २०११ साली पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे सरकारी तेल कंपनीला शेलमधून वायू मिळाला. २०१३ साली केंद्र सरकारने त्यासाठी धोरण ठरवले. गुजरातेतही विहिरी घेऊन पाहिल्या. पण व्यापार चालेल इतका वायू अजून निघालेला नाही. आपल्या काळ्या दगडात तर तो शोधायलाच नको. तो तापलेल्या रसाचा दगड, त्यात गाळ नाही की शेवाळ नाही.

अमेरिकेत मात्र आज निघणारा बराचसा वायू शेलमधलाच असतो. तो इतका थंड करतात की त्याचे पाणी होते आणि जागा सहाशे पट कमी लागते. मग तो जहाजात भरतात. अशा वायूचे लांब कराराने घेतलेले पहिले जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्याच राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला लागले.