काजव्यांच्या रात्रीचे रंगीत ठिपके

छायाचित्रणामागचे विज्ञान : भाग सातवा

मे महिना सरत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत काजवे दिसू लागतात आणि त्यांच्या मागोमाग ट्रायपॉड खांद्यावर टाकून आलेल्या हौशी छायाचित्रकारांची गर्दी होते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर असंख्य काजवे लुकलुकत असतात. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन तोच फोटो संगणकावर मोठा करून पाहिला की झाडांखालच्या काळोखात लाल, निळे, हिरवे ठिपके उठलेले असतात आणि आकाश खरखरीत झालेले असते. कुणी म्हणते ग्रेन्स आले, कुणी म्हणते फोटो फाटला. कॅमेऱ्याच्या भाषेत हा नॉइज.

गेल्या भागात शटर आणि अॅपर्चरच्या साहाय्याने सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा ते पाहिले. नॉइजचा प्रश्न तिथूनच सुरू होतो, कारण हे ठिपके मुख्यतः अपुऱ्या प्रकाशाचे अपत्य आहेत.

प्रकाश फोटॉनच्या रूपाने सेन्सरवर येतो आणि हे फोटॉन ठरावीक अंतराने, शिस्तीत येत नाहीत. वळवाच्या पावसाचे पहिले थेंब फरशीवर पडतात तेव्हा एका फरशीवर तीन थेंब असतात, शेजारची कोरडीच असते. सर चांगली बरसली की सगळ्या फरश्या सारख्या ओल्या होतात. सेन्सरवरच्या पिक्सेलांचे तसेच होते. एखाद्या पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन येणार असतील, तर प्रत्यक्षातला आकडा साधारण १० ने इकडेतिकडे होतो, म्हणजे चूक १० टक्के. सरासरी १०,००० फोटॉन असतील तर फरक १०० चा, म्हणजे फक्त १ टक्का. चढउतार प्रकाशाच्या वर्गमुळाने वाढतो, त्यामुळे भरपूर प्रकाशात तो डोळ्यांना जाणवत नाही आणि काळोखात ठळक दिसतो. कॅमेरा कितीही महागडा असला तरी हा चढउतार टळत नाही, कारण तो यंत्राचा दोष नसून प्रकाशाचाच स्वभाव आहे.

मोठ्या सेन्सरचा फायदाही याच गणितात आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिलिमीटरचा; बहुतेक फोनमधले सेन्सर त्याहूनही लहान. एफ-क्रमांक आणि शटरचा वेळ सारखाच ठेवला, तर मोठा सेन्सर त्याच दृश्यातला कितीतरी जास्त प्रकाश गोळा करतो.

इथे आयएसओविषयीचा एक घट्ट रुजलेला समज तपासायला हवा. आयएसओ वाढवला म्हणून ठिपके आले, असे सर्रास म्हटले जाते. आयएसओ वाढवल्याने सेन्सरवर एकही जास्तीचा फोटॉन पडत नाही आणि कमीही होत नाही. जमा झालेला विद्युत संकेत तेवढा वाढवला जातो. प्रकाश कमी असतो म्हणूनच आयएसओ वाढवावा लागतो आणि ठिपक्यांचे खापर त्याच्यावर फुटते. या भीतीने काहीजण आयएसओ ४०० वरच अडून राहतात, काळपट फोटो काढतात आणि नंतर संगणकावर तो उजळवतात. अनेक कॅमेऱ्यांत असा फोटो आयएसओ १६०० वर नीट उजळ काढलेल्या फोटोपेक्षा जास्त खरखरीत निघतो, कारण संकेत वाचताना सर्किटने घातलेली भेसळही त्या उजळवण्यात वाढते. आयएसओला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. अॅपर्चर एफ/४ वरून एफ/२ वर नेले तर चौपट प्रकाश आत येतो, आणि ट्रायपॉडमुळे शटर जास्त वेळ उघडे ठेवता येते.

शटर फार वेळ उघडे राहिले की दुसरा उपद्रव सुरू होतो, तो उष्णतेचा. प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये उष्णतेमुळे काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ते प्रकाशाचेच म्हणून मोजले जातात. तापमान साधारण सहा ते आठ अंशांनी वाढले की हा प्रवाह दुप्पट होतो. काही पिक्सेल यात इतरांच्या फार पुढे असतात; तेच हॉट पिक्सेल. पावसाळ्याआधीच्या उकाड्याच्या रात्री, तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक घेताना सेन्सर तापतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर हे पिक्सेल चमकू लागतात. घाईत पाहणाऱ्याला तेही काजवेच वाटतात! ओळखण्याची खूण सोपी आहे. हॉट पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये नेमक्या त्याच जागी असतो, काजवा जागा बदलतो.

यावर कॅमेऱ्यातच एक उपाय असतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केले, की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाची एक काळी फ्रेम घेतो आणि तिच्यात दिसलेले ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. किल्ल्यावरच्या दिव्यांचा एकच फोटो हवा असेल तर ही सोय उत्तम. काजव्यांसाठी मात्र ती गैरसोयीची ठरते, कारण तीस सेकंदांच्या फ्रेमनंतर आणखी तीस सेकंद कॅमेरा अडकून पडतो आणि त्या वेळातली लुकलुक हातची जाते. त्यामुळे अनुभवी छायाचित्रकार ही सोय बंद ठेवतात. सगळ्या फ्रेम घेऊन झाल्या की लेन्सवर झाकण लावून, तोच आयएसओ आणि तेवढाच वेळ ठेवून, काही काळ्या फ्रेम घेतात आणि वजाबाकी घरी करतात. झाकण निघायच्या वेळी लावायचे, घरी पोहोचल्यावर नाही, कारण काळ्या फ्रेममध्येही सेन्सरचे तापमान जवळपास तेच असावे लागते.

ठिपके रंगीत का, याचे उत्तर सेन्सरच्या रचनेत आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा असा एकच फिल्टर बसतो. निम्मे पिक्सेल हिरवे, उरलेल्यांत लाल आणि निळे समसमान. पिक्सेलला न मिळालेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. शेजाऱ्याचा आकडाच चुकलेला असेल तर ती चूक रंगाचा डाग होऊन आसपास पसरते.

नॉइज प्रामाणिकपणे कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग खगोल छायाचित्रणाने दाखवला. एकाच दृश्याच्या अनेक फ्रेम घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. दृश्य प्रत्येक फ्रेममध्ये तेच असते, ठिपके दर वेळी वेगळ्या जागी पडतात. १६ फ्रेमची सरासरी काढली तर नॉइज एक चतुर्थांश होतो. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षी तारकासमूहातल्या, रिकाम्या वाटणाऱ्या एका इवल्याशा भागाकडे दहा दिवस रोखून ३४२ फ्रेम घेतल्या. त्या एकत्र केल्यावर तिथे सुमारे ३,००० दीर्घिका दिसल्या. गूगलने नोव्हेंबर २०१८ मध्ये पिक्सेल फोनमध्ये आणलेला नाइट साइट मोड याच तत्त्वावर चालतो. काही सेकंदांत अनेक फ्रेम घेऊन, हाताच्या थरथरीने झालेले सरकणे जुळवून, फोन त्या एकत्र करतो.

काजव्यांच्या फोटोत मात्र या तत्त्वाला एक फाटा फुटतो. चाळीस फ्रेमची सरासरी काढली तर एकाच फ्रेममध्ये चमकलेला काजवा चाळिसाव्या हिश्श्याइतका फिका होऊन जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये लाइटन पद्धत वापरतात; ती प्रत्येक जागेची सर्व फ्रेममधली सर्वांत उजळ किंमत निवडते. काजवे टिकतात, पण प्रत्येक फ्रेममधला सर्वांत उजळ ठिपकाही टिकतो, आणि फ्रेम जितक्या जास्त तितकी पार्श्वभूमी मळकट होत जाते. चांगले छायाचित्रकार दोन्ही कामे वेगळी करतात. तिन्हीसांजेला, थोडा उजेड असतानाच, झाडांची स्वच्छ फ्रेम घेऊन ठेवतात. ट्रायपॉड न हलवता रात्री काजव्यांच्या फ्रेम घेतात, त्यांतून काळ्या फ्रेम वजा करतात आणि फक्त काजवे त्या सांजेच्या फ्रेमवर चढवतात. असा फोटो लोकांपुढे ठेवताना तो अनेक फ्रेम जोडून केला आहे, हे सांगायलाच हवे.

एकच फ्रेम हाती असेल तेव्हा सॉफ्टवेअरला पर्याय नाही. शेजारच्या पिक्सेलांची सरासरी हा जुना उपाय ठिपक्यांबरोबर पानांच्या कडाही पुसत असे. २००५ मध्ये बुआदेस, कोल आणि मोरेल यांनी वेगळी वाट दाखवली. शेजारी शोधण्याऐवजी फोटोभर त्यासारखेच दिसणारे तुकडे शोधायचे आणि त्यांची सरासरी घ्यायची. अलीकडची साधने, उदाहरणार्थ अॅडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आणलेले डिनॉइज, यंत्रशिक्षणावर चालतात. अशी साधने अगणित नमुन्यांवरून शिकलेली असतात आणि पाने, पिसे, केस बहुधा कसे दिसतात याचा अंदाज बांधतात. निकाल अनेकदा थक्क करणारा असतो. पण सरासरी ही मोजणी आहे आणि हा अंदाज आहे. पक्ष्याच्या पिसांवरून जात ओळखायची असेल किंवा बातमीसाठी फोटो द्यायचा असेल, तर सेन्सरने न टिपलेला तपशील खरा मानून चालणार नाही. अशा कामात मूळ रॉ फाइल जपून ठेवलीच पाहिजे.

हाताने दुरुस्ती करताना क्रम सांभाळावा. रॉ फाइलवर आधी रंगीत ठिपके काढावेत. त्यासाठीचा कलर स्लायडर बराच पुढे नेला तरी तपशिलाला फारसा धक्का लागत नाही. उजेड-काळोखाच्या खरखरीसाठीचा ल्युमिनन्स स्लायडर मात्र बेताने वापरावा, नाहीतर खोडाची साल मेणासारखी गुळगुळीत होते. शार्पनिंग सर्वांत शेवटी करावे, कारण आधी केल्यास तेच ठिपकेही धारदार करते. आणि फोटो शेवटी ज्या आकारात पाहिला जाणार आहे त्याच आकारात तपासावा. पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहिलेली खरखर आठ बाय बाराच्या छापील प्रतीत बहुधा दिसतसुद्धा नाही.

काजव्यांच्या रानात जाणाऱ्यांना एक विनंतीही करायला हवी. नर आणि मादी एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनीच शोधतात. मोबाइलचा टॉर्च, फ्लॅश आणि गाड्यांचे दिवे त्या खुणा बुजवतात. फोकस उजेड असतानाच लावून मॅन्युअलवर ठेवला, तर रात्री टॉर्च पेटवण्याची गरज उरत नाही.

पुढच्या आठवड्यात व्हाइट बॅलन्स. एकाच खोलीत ट्यूबलाइट, पिवळा बल्ब आणि खिडकीतला उजेड एकत्र आले तर कॅमेरा कोणता पांढरा खरा मानतो, ते त्या भागात पाहू.