घरामागील मोटारखान्यास वीज कशी न्यावी?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे बंधु अगर पुत्र मुंबईंत दादर-परळकडे राहतात. तेथील हिंदु कॉलनीसारख्या जुन्या वस्त्यांत घराच्या आवारांत सुटा मोटारखाना कोठें कोठें आढळतो. पूर्वीं त्यांत एक दिवा पुरे होई. आतां विजेवर चालणारी मोटारगाडी आली, आणि घरांतील एखाद्या पिनेंतून लांब तार ओढून ती भरण्याचा मोह होतो. हा मोह घातक आहे.

प्रथम भार मोजावा. भिंतीवर बसविण्याचें ७·४ किलोवॅटचें चार्जर सुमारें ३२ अँपिअर प्रवाह ओढतें. म्हणजे विहिरीवरचा दहा अश्वशक्तीचा पंप रात्रभर चालविण्यासारखेंच झालें! मंजूर भार तेवढा नसेल तर आधीं तो वाढवून घ्यावा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत त्यासाठीं बेस्टकडे अर्ज करावा लागतो.

नंतर तारेची जाडी. मोटारखाना मीटरपासून ३० मीटर दूर धरला तर प्रवाहास जाऊन-येऊन ६० मीटर तांबें लागतें. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेंत ३२ अँपिअरला सुमारें १४ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात व तार तापते. सहा चौरस मिलिमीटरच्या तारेंत सुमारें ६ व्होल्ट जातात. तांब्यांत केलेली काटकसर आम्हांस कधींच समजली नाहीं. पुष्कळ इमारतींत मीटर तळमजल्यावर असतात. तेव्हां वरच्या बिऱ्हाडांतून तार खालीं आणण्यापेक्षां मीटरनंतर लगेच निराळी एमसीबी घालून तेथूनच फांटा काढावा. केबल लोखंडी कवचाची घेऊन अडीच फूट खोल पुरावी.

परंतु मुंबईंत खरा शत्रु पाणी. परळ-दादरच्या सीमेवरील हिंदमाता येथें पावसाळ्यांत पाणी तुंबतें हें सर्वश्रुत आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मोटारखाना जमिनीलगत असल्यानें पाणी प्रथम तेथेंच शिरतें. सबब पूर्वीं पाणी कोठवर चढलें होतें तें शेजाऱ्यांस विचारून बोर्ड व चार्जर त्याहून वर बसवावें. पेट्रोलची गाडी असेल तरीही पिना खालीं नकोत, कारण पेट्रोलची वाफ जड असून जमिनीलगत सांचते.

मोटारखान्यांत सर्व पुरवठा तोडणारा स्वतंत्र मेन स्विच आणि ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारी आरसीसीबी अवश्य असावी. अर्थिंगची तार निराळी हवी. न्यूट्रललाच अर्थिंग समजून जोडणारे कारागीर अद्याप भेटतात. न्यूट्रल वाटेंत तुटली कीं चार्जरचा पत्राच जिवंत होतो. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करवून चांचणीचा दाखला मागून घ्यावा.

गांवीं वाड्यापासून गोठ्यापर्यंत वीज नेतांनाही हिशेब हाच. मात्र तेथें अर्थिंगकडे अधिक लक्ष द्यावें. ओल्या जमिनीवर चार पायांनीं उभ्या असलेल्या गुरास माणसाहून कमी दाबाचा धक्काही प्राणघातक होतो.