जुनी मोटारसायकल घेतली आणि पहाटे सुरूच होईना

फेरीने कापड विकणाऱ्या माणसाचे दुकान मोटारसायकलवरच असते. जऊळक्याला रेल्वे स्टेशन आहे, पण आसपासच्या गावांच्या आठवडी बाजाराला पहाटे गठ्ठे घेऊन निघायचे तर स्वतःची गाडी लागते. नव्या गाडीत भांडवल अडकवणे प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून आपले बरेच भाऊ जुनी गाडी घेतात. मीही घेतली. त्यातून जो तजुर्बा आला तो इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहे.

गाडी १०० सीसीची, कार्बोरेटरवाली. मालकाने अंगणात एका किकमध्ये सुरू करून दाखवली. आवाज चांगला, धूर नाही. पैसे मोजले आणि संध्याकाळी गाडी घरी आणली. दुसऱ्या दिवशी पहाटे दोन गठ्ठे बांधून किक मारली, तर गाडी गप्प. चोक ओढून वीस-पंचवीस किक मारल्या. पायात गोळे आले, पेट्रोलचा वास सुटला, पण इंजिन काही बोलेना. सणाआधीचा बाजार हातचा गेला. एकाने सांगितले, इंजिन खोलावे लागेल, काही हजार लागतील. रागाने मालकाला फोन केला. तो म्हणाला, "तुमच्यासमोर सुरू करून दिली होती ना!" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी ओळखीच्या मिस्त्रीने प्लग काढला. तो काळा आणि पेट्रोलने ओला होता. त्याने विचारले, "चाचा, घेताना इंजिनला हात लावून पाहिला होता का?" मी पाहिला नव्हता. मी पोहोचण्याआधी गाडी फिरवून गरम झालेली असावी. गरम इंजिनात पेट्रोलची वाफ लवकर होते, म्हणून कमजोर ठिणगीवरही काम भागते. थंड इंजिनात तीच ठिणगी कमी पडते. त्यात मी चोक ओढून किक मारत राहिलो आणि प्लग भिजवला. नवा प्लग बसवला, तिसऱ्या किकला गाडी सुरू. खर्च शे-दीडशेचा. बाजार मात्र परत आला नाही.

आधी काय पाहावे

गाडी सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि इंजिनातला दाब. याच क्रमाने पाहावे.

पेट्रोल : टाकी हलवून पाहावी. कॉक बंद तर नाही ना, की रिझर्व्हवर करावा लागेल, हे तपासावे. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तर पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून, थोडे थांबून किक मारल्यावर गाडी सुरू झाली तर दोष तेथेच आहे. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. काहीच आले नाही तर वाट बंद आहे. तळाला पाणी वेगळे दिसले तर टाकी साफ करावी. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल पाणी ओढते. म्हणून महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीतले पेट्रोल बदलूनच घ्यावे. जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्येही बसतो.

ठिणगी : प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले किंवा ठिणगी पडत नाही. तेलकट असेल तर रिंग झिजल्याची शंका घ्यावी. सांडलेले पेट्रोल पुसून, वास गेल्यावर, प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवावा आणि किक मारावी. प्लग ज्या भोकातून काढला त्यापासून तो दूर असावा, आणि हातात धरू नये. निळी, टणक ठिणगी चांगली. पिवळी, बारीक ठिणगी कमजोर. आधी नवा प्लग लावून पाहावा, मग टोपी आणि वायर. पेट्रोल जास्त झाले असेल तर कॉक व चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किक माराव्यात.

दाब : किक हलकी जात असेल, पायाला विरोध जाणवत नसेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचे काम निघू शकते. इंजिन खोलण्याची भाषा येथे आल्यावर करावी, त्याआधी नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर नसतो. चावी फिरवल्यावर पंपाचा बारीक आवाज येतो का, बॅटरी उतरली आहे का, साइड स्टँड खाली राहिला आहे का, एवढे पाहावे आणि पुढचे काम मिस्त्रीवर सोपवावे.

घेतानाच खबरदारी

गाडी सकाळी पाहावी, आणि रात्रभर सुरू केलेली नसावी असे आधीच सांगून ठेवावे. किक मारण्यापूर्वी इंजिनला हात लावावा. गरम लागले तर परत येऊन पाहावे. आपण कापडाचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवत नाही, थान उजेडात नेतो. तसेच हे आहे.

चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात. वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. आपल्याकडे एमएच-३७ बरोबर अकोल्याच्या एमएच-३० च्या गाड्याही विकायला येतात. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी मागावी. कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ पाहावा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.

आणि एक गोष्ट आपल्यासाठीही. उद्या हीच गाडी विकायची वेळ आली तर तिचा ऐब आपण तोंडाने सांगावा. थानाला डाग असला तर आपण तो गिऱ्हाइकाला दाखवून भाव कमी करतो. त्यात थोडा नफा जातो, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या बाजारी पुन्हा आपल्याच गठ्ठ्यापाशी येते.