भंडारा उधळला की चित्र का फुटते?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेल्या चार दशकांत चलचित्राची साठवण व्हीएचएस कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून पेनड्राइव्हवर आणि तेथून मोबाइलवर आली. या साऱ्या प्रवासात तक्रार मात्र एकच राहिली : लग्नाच्या चित्रणात मुंडावळ्यांचे मणीही स्पष्ट दिसतात, पण अक्षता पडू लागल्या की चित्र चौकोनाचौकोनांत फुटते. दोष कॅमेऱ्याला, सीडीला किंवा शूटिंग करणाऱ्याला दिला जातो. तो यांपैकी बहुधा कोणाचाच नसतो. चलचित्र फाइलमध्ये मावावे म्हणून त्यावर जी प्रक्रिया केली जाते, तिच्या मूळ गृहीतकातच तो दडलेला असतो.

ही प्रक्रिया का करावी लागते, हे साध्या गुणाकारावरून कळते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘फुल एचडी’ चित्राच्या एका स्थिर फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू, अर्थात पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलचा रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन घटकांसाठी एकेक बाइट खर्चून नोंदवला, तर एका फ्रेमला ६२,२०,८०० बाइट लागतात, आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका तासाच्या चित्रणाला सुमारे ५६० जीबी जागा लागते. हाच हिशेब बिटांत केला, म्हणजे एका बाइटचे आठ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे १,२४४ मेगाबिट भरतात. यूट्यूब मात्र या प्रतीच्या चित्रणासाठी सेकंदाला ८ मेगाबिट पुरेसे मानते. दीडशे भागांतला एक भाग ठेवायचा, उरलेले टाकून द्यायचे आणि तरीही पाहणाऱ्याला काही गेल्याचे जाणवू द्यायचे नाही, या कसरतीला संपीडन किंवा रूढ भाषेत कॉम्प्रेशन म्हणतात.

संपीडनाचा पहिला आधार म्हणजे पुनरुक्ती. वाई येथून सिद्ध होणाऱ्या मराठी विश्वकोशात, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, एका नोंदीत आलेली माहिती दुसरीत पुन्हा न छापता ‘पहा’ असे म्हणून वाचकाला मूळ नोंदीकडे पाठवले जाते. चलचित्राची फाइलही याच काटकसरीने रचलेली असते. काही फ्रेम स्वयंपूर्ण असतात, त्यांना आय-फ्रेम किंवा कीफ्रेम म्हणतात. त्यांच्यामागून येणाऱ्या पी-फ्रेममध्ये संपूर्ण चित्र नसतेच, तर ‘मागच्या फ्रेममधला हा चौकोन इतके पिक्सेल उजवीकडे सरकवून येथे ठेवा आणि एवढा फरक त्यात मिळवा’ अशा सूचना असतात, तर बी-फ्रेम मागच्याप्रमाणेच पुढच्या फ्रेमकडूनही उसनवारी करते. सरकण्याच्या दिशेची आणि अंतराची जी नोंद होते तिला गतिसदिश म्हणतात, आणि राहिलेल्या फरकाला अवशेष. मांडवाची कनात, भटजींच्या मागची भिंत, स्तब्ध बसलेले वऱ्हाड हे सारे एकदाच नोंदवून शेकडो फ्रेमना पुरते, म्हणूनच संथ प्रसंगाचे चित्रण थोडक्या जागेतही सुरेख दिसते.

दुसरा आधार आहे डोळ्याचा ढिलेपणा. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला भेद बारकाईने टिपतो, रंगातला भेद तितक्या बारकाईने टिपत नाही. त्यामुळे प्रत्येक पिक्सेलची उजळता स्वतंत्र ठेवायची, पण रंगाची माहिती चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून एकच द्यायची, अशी युक्ती केली जाते आणि एवढ्यानेच फाइल निम्म्यावर येते. यापुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे. चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणाच्या रूपात लिहिला जातो : पहिली नक्षी अगदी सपाट, म्हणजे तुकड्याची सरासरी उजळता, आणि पुढच्या क्रमाने अधिकाधिक बारीक रेघांच्या. बहुतेक तुकड्यांत बारीक नक्ष्यांचा वाटा नगण्य असतो. त्यांचे आकडे एका ठरावीक संख्येने भागून पूर्णांकात आणले की त्यांतले बरेचसे शून्य होतात आणि शून्यांची रांग लिहायला जागा फारशी लागत नाही. आकडे असे ढोबळ करण्याच्या क्रियेला क्वांटायझेशन म्हणतात, आणि खरा ऱ्हास येथेच होतो. येथे टाकलेले पुन्हा मिळत नाही.

या गणिती रूपांतराचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. १९४० मध्ये बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याआधी या कल्पनेवरील संशोधनासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले होते, ते नाकारले गेले. गावोगावच्या मोबाइलमधील जवळजवळ प्रत्येक फोटो आणि चित्रफीत ज्या गणितावर उभी आहे, त्याच्या तिन्ही कर्त्यांची नावे आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसावीत, हे नवलच म्हणायचे.

आता अक्षतांकडे वळता येईल. ‘सावधान’ म्हणताच हवेत उडणारा प्रत्येक दाणा स्वतंत्र दिशेने, स्वतंत्र वेगाने जातो, आणि मागच्या फ्रेममध्ये त्याच्यासाठी ‘पहा’ म्हणून बोट दाखवण्यासारखे काही नसते. अवशेष एकदम फुगतो. फाइलला सेकंदामागे ठरवून दिलेल्या बिटांचा शिधा, ज्याला बिटरेट म्हणतात, तेवढाच राहतो. मग एन्कोडर, म्हणजे संपीडन करणारी यंत्रणा, भाजक वाढवते, बारीक नक्ष्या सरसकट शून्य करते आणि तुकड्यांच्या कडा उघड्या पडतात. कराड तालुक्यातील पाल येथे पौषात खंडोबा-म्हाळसेच्या विवाहसोहळ्याची यात्रा भरते, तेथे ही अडचण दुप्पट होते. भंडाऱ्याच्या ढगाला ठाम कडा नसते, त्याचा आकार फ्रेमगणिक बदलतो, आणि त्याचे सारे वैशिष्ट्य ज्या पिवळ्या रंगात आहे तो रंगच आधी पातळ केलेला असतो. त्यामुळे पडद्यावर उधळण न दिसता पिवळसर ठिगळे दिसतात. कासच्या पठारावर वाऱ्याने हलणारी फुले, कृष्णेच्या पात्रावर पडणारा पाऊस, शर्यतीच्या मैदानातली धूळ ही याच जातीची दृश्ये. ज्या क्षणासाठी चित्रण केले जाते तोच पुनरुक्तीविरहित असावा, आणि म्हणून तोच यंत्राला सर्वांत जड जावा, असा हा पेच आहे. त्यावर उपाय एकच : अशा प्रसंगी बिटरेट वाढवून चित्रण करणे आणि मूळ फाइल न दाबता जपणे.

येथे एक घोटाळा निस्तरला पाहिजे. एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही ही संपीडनाच्या पद्धतींची नावे नव्हेत. ती कंटेनरची, म्हणजे चित्र, ध्वनी आणि त्यांचा मेळ घालणारी माहिती एकत्र बांधणाऱ्या वेष्टनाची नावे आहेत. आतला माल कोणत्या पद्धतीने दाबला आहे हे कोडेक सांगतो, जसे एच.२६४ किंवा एच.२६५. सांगलीच्या हळद बाजारात पोत्यावरची चिठ्ठी बदलून सेलम हळदीची राजापुरी होत नाही, तसे फाइलच्या नावापुढील ‘एव्हीआय’ खोडून ‘एमपी४’ लिहिल्याने आत काहीच बदलत नाही. उलट माल तोच ठेवून पोते बदलता येते. त्यात पुन्हा संपीडन होत नसल्याने दर्जाही घटत नाही. एमपी४ची रचना ॲपलच्या १९९१ मधील क्विकटाइमवरून आली. तिच्यात कोणती फ्रेम फाइलमध्ये कोठे आहे याची अनुक्रमणिका असते आणि चित्रणाच्या वेळी ती साधारणपणे शेवटी लिहिली जाते. ऐन मिरवणुकीत कॅमेऱ्याची बॅटरी संपली तर कित्येक जीबींची फाइल उघडत नाही याचे कारण हेच. माल शाबूत असतो, वही हरवलेली असते, आणि त्याच कॅमेऱ्याच्या दुसऱ्या धड फाइलच्या आधाराने ती पुष्कळदा पुन्हा तयार करता येते.

कोडेकांची पिढी साधारण दहा वर्षांनी बदलत आली आहे. व्हिडिओ सीडीवर एमपेग-१ पद्धतीने ३५२ गुणिले २८८ पिक्सेलचे चित्र सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिटांत बसवले जाई आणि एका तबकडीत ७४ मिनिटे मावत, म्हणून तीन तासांच्या लग्नाला तीन सीडी लागत. डीव्हीडीसाठी एमपेग-२ आले, २००३ मध्ये एच.२६४, २०१३ मध्ये एच.२६५ आणि २०१८ मध्ये स्वामित्वशुल्काशिवाय वापरता येणारे एव्ही१. मूळ तत्त्व तेच राहिले. गती शोधण्याची आणि तुकडे पाडण्याची हुशारी तेवढी वाढली. ज्या घरांत कॅसेटवरून सीडी करून मूळ कॅसेट टाकून दिल्या गेल्या, तेथे मात्र नुकसान कायमचे झाले. कॅसेट अजून चालत असेल, तर तिचे ७२० गुणिले ५७६ पिक्सेलचे चित्र असंपीडित रूपात तासाला सुमारे ७५ जीबी घेते, आणि एफएफव्ही१ या निर्हानी कोडेकने, म्हणजे एकही बिट न गमावता दाबणाऱ्या पद्धतीने, ते निम्म्याच्या आसपास आणता येते. विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवर’ नाटकाची परंपरा सांगणाऱ्या सांगलीत हौशी नाट्यप्रयोगांच्या ज्या कॅसेट कपाटांत पडून असतील, त्यांना याहून कमी दर्जाची पद्धत लावणे हा करंटेपणा ठरेल.

संपीडनाचा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. पुरावा म्हणून चित्रण वापरताना तो अधिक बोचतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी केल्यानंतर आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवल्यानंतर बैलगाडा शर्यतींची मैदाने पुन्हा गजबजली. नियमांनुसार धाव १००० मीटरपेक्षा लांब असू शकत नाही, आणि निशाणावर दोन गाड्या जवळजवळ एकदम आल्या की सगळ्यांच्या नजरा चित्रणाकडे वळतात. बैलांचा वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रणात एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत जोडी सुमारे ४४ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. त्याहून कमी अंतराचा निकाल दोन फ्रेमच्या मधल्या पोकळीत हरवू शकतो. सेकंदाला १०० फ्रेम घेतल्या तर ही पोकळी ११ सेंटिमीटरवर येते. शिवाय निर्णयाची फ्रेम पी किंवा बी प्रकारची असेल आणि धुळीमुळे बिटांचा शिधा संपलेला असेल, तर बैलाच्या नाकाची कड ही अंशतः एन्कोडरने मागच्या फ्रेमवरून बांधलेला अंदाज असते. थेट प्रक्षेपणाची मोबाइलवर उतरवलेली प्रत पाहून वाद घालणे म्हणूनच फोल आहे. कॅमेऱ्याच्या कार्डावरची मूळ फाइलच पाहिली पाहिजे.

हेच ऑगस्ट २०१९ च्या महापुराच्या चित्रफितींना लागू पडते. सांगलीच्या १९२९ मधील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते; त्या पुरात पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. पुलावरून घेतलेली चित्रणे व्हॉट्सॲपवरून फिरताना मूळ फाइल लहान करून पुन्हा दाबली गेली, चित्रणाची तारीख आणि स्थळ सांगणारी अंतर्गत नोंद बहुधा गळून पडली, आणि ती फीत पडद्यावरून पुन्हा चित्रित करून किंवा दुसऱ्या ॲपवर टाकून पुढे गेली तेव्हा ऱ्हासावर ऱ्हास चढला. गढूळ पाण्याचा सपाट पसारा या प्रवासात बऱ्यापैकी टिकतो, कारण त्यात सरासरी उजळतेची नक्षीच प्रबळ असते. पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरचे आकडे मात्र बारीक नक्ष्यांनी बनलेले असतात आणि भाजक वाढला की आधी तेच पुसले जातात, त्यामुळे पाणी दिसत राहते पण ते किती फुटांवर होते हे वाचता येत नाही. तीच फीत ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी पोहोचते, आणि पट्टीवरचा आकडा, तारखेच्या नोंदीसह, वाचता येतो.